पहिला पेपर जर्नलला पाठवताना : पीअर रिव्ह्यू आतून कसा चालतो

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की वर्ष-दीड वर्षात गाईड विचारतात, "पेपर कुठे पाठवताय?" आणि तिथून पुढचं ज्याचं त्याने शिकायचं असतं. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती असते, संख्याशास्त्र असतं, संदर्भ कसे द्यायचे तेही असतं. पण पेपर अपलोड केल्यावर पलीकडे काय होतं, ते क्वचितच कोणी सांगतं. मग डोक्यात विद्यापीठाच्या परीक्षेचं चित्र तयार होतं : दोन परीक्षक तपासणार, मार्क देणार, सरासरी निघणार, पास किंवा नापास.

हे चित्र आधी पुसून टाका. पीअर रिव्ह्यू म्हणजे तुमच्याच विषयातल्या तज्ज्ञांनी, म्हणजे रिव्ह्यूअरनी, छापण्याआधी पेपर तपासणं. पण जर्नलमध्ये रिव्ह्यूअर फक्त सल्ला देतो, निर्णय संपादक घेतो. दोन्ही रिव्ह्यूअरनी "चालेल" म्हटलेला पेपर संपादक नाकारू शकतो आणि एकाने झोडपून काढलेला पेपर सुधारून आणायलाही सांगू शकतो. एवढं एक लक्षात ठेवलं की कव्हर लेटर, म्हणजे पेपरसोबतचं पत्र, कोणासाठी लिहायचं, आलेलं पत्र कसं वाचायचं आणि उत्तर कोणाला पटायला हवं, हे आपोआप उलगडत जातं.

आधी जर्नल नीट निवडा

व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. "कॉल फॉर पेपर्स. पीअर रिव्ह्यूड, हाय इम्पॅक्ट फॅक्टर, ४८ तासांत प्रसिद्धी, ई-सर्टिफिकेट मोफत." ४८ तासांत तुमच्या विषयातला तज्ज्ञ सापडून हो म्हणत नाही, त्याने पेपर वाचून शेरे लिहिणं तर लांबच. तिथे रिव्ह्यू होत नाही, फी भरली जाते, एवढंच.

हा प्रकार किती पसरला आहे, याचे पुरावे छापील आहेत. २०१३ मध्ये 'सायन्स'चे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी कॅन्सरवरच्या औषधाचा एक मुद्दाम चुकीचा, बनावट पेपर ३०४ ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या, जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आपल्याकडे २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये पुण्याच्या अभ्यासकांचा लेख आला. विद्यापीठांनी सुचवल्यामुळे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीत शिरलेल्या १००९ जर्नलांची त्यांनी छाननी केली, तर ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं अपात्र ठरली. कुठे पत्ता नाही, कुठे संपादक मंडळ नाही, कुठे दिलेली माहितीच खोटी. त्यातून 'यूजीसी केअर' ही पारखून घेतलेल्या जर्नलांची यादी आली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर टाकली. म्हणजे आता "केअरला आहे का?" एवढा एकच प्रश्न विचारून भागत नाही.

एक गोष्ट बऱ्याच विद्यार्थ्यांना अजून माहीत नसते. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांमध्ये प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आणायची सक्ती राहिलेली नाही. काही विद्यापीठं आणि बरेच गाईड आपापली अट ठेवतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा. पण "कुठेही का होईना, एक पेपर लावून टाकू" या घाईला यूजीसीच्या नियमाचा आधार नाही.

मग जर्नल शोधायचं कसं? सगळ्यात सोपी जागा म्हणजे तुमच्याच पेपरची संदर्भसूची. ज्या जर्नलांमधले लेख तुम्ही सर्वांत जास्त वापरले, तिथले संपादक आणि वाचक तुमच्या विषयात आहेत. त्यांतली दोन-तीन निवडा, गेल्या दोन वर्षांचे अंक उघडा आणि प्रत्येकातले दोन लेख खरोखर वाचा. सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात असाल तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे २०२५ पासून मोठ्या प्रकाशकांची हजारो जर्नलं वाचायला मिळू शकतात, ग्रंथपालांना विचारा.

वाचताना लेखाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर दोन तारखा बघा : पेपर मिळाल्याची आणि स्वीकारल्याची. बऱ्याच जर्नलांत त्या छापलेल्या असतात. दोन्हींमध्ये चार-सहा महिने असतील तर तुमच्या वाट्याला काय येणार याचा अंदाज बांधता येतो. ३ मार्चला मिळाला आणि ५ मार्चला स्वीकारला असं प्रत्येक लेखावर दिसलं, तर तिथून काढता पाय घ्या. संपादक मंडळातली दोन नावं त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा; ती व्यक्ती आपल्या पानावर या जर्नलचा उल्लेखही करत नसेल तर पाल चुकचुकायला हवी. आयएसएसएन हा निव्वळ नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे.

पैशांबद्दल थोडक्यात. फी मागितली म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. नामांकित ओपन ॲक्सेस जर्नलांची फी तर लाखाच्या घरात जाते. पण वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलांत लेखकाला काहीच पडत नाही. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली' सामाजिक शास्त्रांसाठी उत्तम उदाहरण आहे. फी असेल तर ती आधीपासून संकेतस्थळावर लिहिलेली असली पाहिजे. पेपर स्वीकारल्यावर अचानक बिल आलं तर समजून जा.

पाठवण्याआधीची तयारी

जर्नलचे लेखकांसाठीचे नियम छापून घ्या आणि एकेक खूण करत जा. शब्दमर्यादा, संदर्भांची शैली, तक्त्यांचं स्वरूप. कंटाळवाणं काम आहे, पण याच गोष्टींवरून पेपर संपादकापर्यंत पोहोचायच्या आधीच परत येतो.

रिव्ह्यू 'सिंगल ब्लाइंड' आहे की 'डबल ब्लाइंड' ते बघा. पहिल्यात रिव्ह्यूअरला तुमचं नाव दिसतं, तुम्हाला त्याचं दिसत नाही. दुसऱ्यात दोघांनाही दिसत नाही. डबल ब्लाइंड असेल तर फाइलमधून नाव काढणं पुरेसं नसतं. आभाराचा परिच्छेद, अनुदानाचा क्रमांक, वर्डच्या फाइलमधली 'ऑथर' ही नोंद आणि "आमच्या आधीच्या अभ्यासात आम्ही दाखवलं आहे की" अशी वाक्यं, हे सगळं साफ करावं लागतं.

नाव दिसण्या-न दिसण्याने खरंच फरक पडतो का? २०२२ मध्ये अमेरिकेच्या 'पीएनएएस' जर्नलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकच पेपर वेगवेगळ्या रिव्ह्यूअरना पाठवला. काहींना त्यावर नोबेल विजेते व्हर्नन स्मिथ यांचं नाव दिसत होतं, काहींना त्यांच्या नवख्या सहलेखकाचं, काहींना कोणाचंच नाही. नवख्याचं नाव पाहणाऱ्या ६५ टक्के रिव्ह्यूअरनी पेपर नाकारा म्हटलं, नाव न दिसलेल्या ४८ टक्क्यांनी, आणि नोबेलवाल्याचं नाव दिसलेल्या फक्त २३ टक्क्यांनी. छोट्या गावातल्या कॉलेजाचा पत्ता असलेल्या माणसाने डबल ब्लाइंड जर्नल मुद्दाम शोधावं, असं मला वाटतं ते यामुळेच.

नावावरून आठवलं. आपल्याकडे एकच व्यक्ती एका पेपरवर एस. आर. पाटील असते, दुसऱ्यावर सुनीता रमेश पाटील आणि लग्नानंतर तिसऱ्यावर सुनीता देशमुख. संगणकाच्या लेखी या तीन बायका. ऑर्किड नावाचा संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो, तो पहिल्या पेपरआधीच काढा आणि छापायचं नाव एकदाच ठरवून टाका.

कव्हर लेटर संपादकासाठी असतं. एका पानात तीन गोष्टी पुरतात : प्रश्न काय होता, नवं काय सापडलं आणि याच जर्नलच्या वाचकांना त्यात रस का असावा. "आपल्या सुप्रसिद्ध नियतकालिकात" अशी आरती ओवाळू नका. हा पेपर दुसरीकडे विचाराधीन नाही, हे एक वाक्य मात्र हवंच. एकाच वेळी दोन जर्नलांना पेपर पाठवणं हा या धंद्यातला मोठा गुन्हा आहे. उघडकीला आलं तर दोन्हीकडून हाकललं जातं.

काही पोर्टलवर रिव्ह्यूअरची नावं सुचवायला सांगतात. तिथे गाईड, सहलेखक किंवा त्याच विभागातले सर देऊ नका. तुम्ही ज्यांच्या कामाचा संदर्भ दिलाय, पण ज्यांच्याशी तुमचा संबंध नाही, अशांची नावं द्या आणि ईमेल संस्थेचाच द्या. जीमेलचे पत्ते पाहिले की संपादक आता सावध होतात. २०१४ मध्ये सेज प्रकाशनाने 'जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल'मधले ६० पेपर एका फटक्यात मागे घेतले, कारण बनावट नावांची खाती उघडून आपसातच रिव्ह्यू उरकण्याचं रॅकेट सापडलं होतं.

संपादकाच्या टेबलावर

पेपर गेला की आधी कार्यालयीन तपासणी होते : फाइली पूर्ण आहेत का, उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साम्य किती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण जर्नलचा संपादक नुसता आकडा बघत नाही, साम्य कुठे आहे ते बघतो. पद्धतीच्या वर्णनात चार ओळी जुळल्या तर तो सोडून देतो. निष्कर्षात जुळल्या तर नाही.

मग संपादक स्वतः वाचतो. सारांश, प्रस्तावनेचा शेवट, तक्ते, निष्कर्ष. बहुधा याच क्रमाने. बाहेर पाठवण्याजोगा वाटला नाही तर इथेच नकार मिळतो, त्याला 'डेस्क रिजेक्ट' म्हणतात. मोठ्या जर्नलांत बहुसंख्य पेपर याच टेबलावरून परत जातात. कारणं ठरलेली असतात. विषय जर्नलच्या कक्षेबाहेरचा. पेपर म्हणजे प्रबंधाचं एक प्रकरण जसंच्या तसं उचललेलं, पहिली आठ पानं व्याख्या आणि साहित्याचा आढावा. किंवा एका कॉलेजातल्या पन्नास विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन सबंध तरुण पिढीबद्दल केलेलं विधान. आठवड्याभरात आलेला डेस्क रिजेक्ट मनाला लागतो, पण सहा महिने अडकवून ठेवण्यापेक्षा तो उपकारच.

रिव्ह्यूअरच्या हाती

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्यातला बराचसा वेळ वाचण्यात जातच नाही. संपादक तज्ज्ञांना विचारतो, "हा पेपर बघाल का?" बरेच जण नाही म्हणतात, काही जण उत्तरच देत नाहीत. या कामाचे सहसा पैसे मिळत नाहीत. परीक्षा, ॲडमिशन, नॅकची फाइल सांभाळून लोक ते करतात. दोन माणसं हो म्हणेपर्यंत महिना-दीड महिना सहज निघून जातो. पोर्टलवर 'विथ एडिटर' असं तीन आठवडे दिसत राहिलं म्हणजे पेपर हरवला असं नाही. बहुतेक वेळा संपादक माणसं शोधतोय. 'अंडर रिव्ह्यू' म्हणजे पेपर रिव्ह्यूअरकडे गेलाय. 'रिक्वायर्ड रिव्ह्यूज कम्प्लीटेड' दिसलं की शेरे आलेत आणि आता चेंडू संपादकाकडे. रोज लॉगिन करून बघण्याने काही हलत नाही.

तीन महिने उलटले तर विचारायला हरकत नाही. दोन ओळींचा मेल पुरे : पेपरचा क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि "सद्यस्थिती कळवावी ही विनंती." माझी पीएच.डी. अडकली आहे, प्रमोशनची मुलाखत आहे, असलं काही लिहू नका. संपादकाला त्याचं काही करता येत नाही.

रिव्ह्यूअरसमोर साधारण तीन रकाने असतात : लेखकासाठी शेरे, फक्त संपादकाने वाचायचे गोपनीय शेरे आणि शिफारस. तुम्हाला पहिलाच रकाना दिसतो. म्हणून कधी कधी शेरे गोड आणि निर्णय कडू, असं विचित्र पत्र हातात पडतं. खरं मत दुसऱ्या रकान्यात लिहिलेलं असतं. सगळीकडे असंच चालतं असं नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९९९ पासून रिव्ह्यूअर आपलं नाव उघड करतात. 'नेचर'ने २०२५ मध्ये जाहीर केलं की नव्याने येणाऱ्या पेपरांपैकी जे छापले जातील, त्यांच्यासोबत रिव्ह्यूअरचे शेरे आणि लेखकांची उत्तरंही प्रसिद्ध होतील. नवख्यांसाठी हा खजिना आहे. तुमच्या विषयातला असा एखादा पत्रव्यवहार शोधून वाचाच; चार कार्यशाळांत कळणार नाही ते कळतं.

रिव्ह्यूअर काय पकडत नाही, तेही जाणून घ्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या मंडळींनी एका पेपरमध्ये मुद्दाम आठ चुका पेरून तो रिव्ह्यूअरना पाठवला. २२१ जणांनी उत्तर दिलं; सरासरी दोन चुका सापडल्या. रिव्ह्यूअर तुमचा मूळ डेटा सहसा उघडत नाही, प्रयोग पुन्हा करून बघत नाही. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलने कोविडवर वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाबद्दलचा ९६ हजार रुग्णांचा अभ्यास छापला. जागतिक आरोग्य संघटनेने त्यावरून आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. आणि दोन आठवड्यांच्या आत पेपर मागे घ्यावा लागला, कारण सर्जिस्फिअर या कंपनीने पुरवलेली ती आकडेवारी कोणालाच तपासायला मिळेना. तेव्हा "रिव्ह्यूअरनी काही म्हटलं नाही" हा तुमच्या आकडेमोडीचा पुरावा धरू नका. ती तुमची तुम्हीच दोनदा तपासायची.

निर्णयाचं पत्र वाचताना

'ॲक्सेप्ट' पहिल्या फेरीत जवळजवळ कोणालाच मिळत नाही. 'मायनर रिव्हिजन' म्हणजे किरकोळ डागडुजी. 'मेजर रिव्हिजन' आलं की नवखे लोक तोंड पाडून बसतात आणि मुरलेले लोक पेढे वाटतात. पेपर नाकारलेला नाही, काय केलं तर तो लागू शकेल याची यादी हातात आहे, आणखी काय हवं? 'रिजेक्ट अँड रिसबमिट' म्हणजे मोठी फेरमांडणी करून आणा, पण नवीन पेपर म्हणून.

शेरे पहिल्यांदा वाचाल तेव्हा डोकं फिरेल. १९३६ मध्ये आइन्स्टाइनचंही फिरलं होतं. नेथन रोझनसोबत लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरचा पेपर त्याने 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. लहरी अस्तित्वात नाहीत असा त्यात निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला आणि आलेले दहा पानी शेरे आइन्स्टाइनला पाठवले. छापायच्या आधी पेपर तिऱ्हाइताला दाखवायला तुम्हाला कोणी सांगितलं, अशा अर्थाचं रागीट पत्र लिहून त्याने पेपर मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जर्नलात आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. रिव्ह्यूअर, म्हणजे हॉवर्ड रॉबर्टसन, बरोबर निघाला. तो प्रिन्स्टनमध्येच होता आणि आइन्स्टाइनच्या सहकाऱ्याला चूक त्यानेच समजावून दिली होती.

तेव्हा पत्र वाचा, दोन दिवस बाजूला ठेवा, मग पुन्हा उघडा. या वेळी आधी संपादकाचा परिच्छेद वाचा. "विशेषतः दुसऱ्या रिव्ह्यूअरच्या नमुना निवडीबद्दलच्या मुद्द्याकडे लक्ष द्यावं" असं त्याने लिहिलं असेल तर निकाल तिथे लागणार. बाकीचे वीस शेरे त्यानंतर.

उत्तर लिहिणं

माझ्या मते सगळ्या प्रवासात शिकण्यासारखं खरं कसब हेच. पद्धत साधी आहे : प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर, आणि पेपरमध्ये बदल कुठे केला तो पान-ओळीसकट. एकही शेरा गाळायचा नाही, "टायपो आहेत" हासुद्धा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तुमचा पेपर मराठवाड्यातल्या सोयाबीन शेतकऱ्यांच्या पीक विम्याच्या अनुभवावर आहे. लातूर जिल्ह्यातल्या १२० शेतकऱ्यांच्या मुलाखती आहेत. दुसरा रिव्ह्यूअर लिहितो :

"नमुना कसा निवडला ते कळत नाही. १२० शेतकऱ्यांवरून संपूर्ण मराठवाड्याबद्दल निष्कर्ष काढता येणार नाहीत. कर्जदार आणि बिगर-कर्जदार असा फरक केलेला नाही. शिवाय किमान तीन हंगामांची माहिती हवी."

यावर हमखास दिसणारी दोन वाईट उत्तरं : "सूचनेबद्दल आभार. आवश्यक ते बदल केले आहेत." कोणते, कुठे? संपादकाला शोधायला लावलंत की तो वैतागतो. दुसरं : "रिव्ह्यूअरने पान ६ नीट वाचलेलं दिसत नाही." वाचलं नसेलही. पण एका तज्ज्ञाला पान ६ वरची गोष्ट सापडली नाही, तर ती तिथे नीट लिहिलेली नाही असंच धरून चाला.

चालणारं उत्तर असं असतं :

"नमुना निवडीची माहिती अपुरी होती, हे मान्य. आता पान ५, ओळी ११२ ते १२४ मध्ये ती दिली आहे : औसा, निलंगा आणि चाकूर या तीन तालुक्यांतून प्रत्येकी चार गावं आणि प्रत्येक गावातून १० शेतकरी. 'मराठवाडा' हा उल्लेख शीर्षक, सारांश आणि निष्कर्षातून काढला असून तिथे 'लातूर जिल्ह्यातील तीन तालुके' केलं आहे. कर्जदार (७८) आणि बिगर-कर्जदार (४२) असं वर्गीकरण करून नवीन तक्ता ४ जोडला आहे. नुकसानीची सूचना वेळेत देण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसतो, त्याची चर्चा पान ११ वर आहे. तीन हंगामांची माहिती या अभ्यासात गोळा केलेली नाही. आमचा प्रश्न शेतकऱ्यांना दाव्याची प्रक्रिया किती कळते हा असल्याने एका हंगामावर तो तपासता येतो, असं आम्हाला वाटतं. तरी ही मर्यादा पान १४ वर स्पष्ट लिहिली आहे."

बघा, चारपैकी तीन मुद्दे सरळ मानले आणि चौथ्याला नाही म्हटलं. नाही म्हणता येतं. कारण द्यायचं, आवाज चढवायचा नाही, आणि निदान मर्यादेची एक ओळ पेपरमध्ये घालायची. उत्तर रिव्ह्यूअरला उद्देशून असलं तरी ते पटायला हवं संपादकाला. रिव्ह्यूअर हटून बसला तरी संपादक "लेखकांचं म्हणणं रास्त आहे" म्हणून पुढे जाऊ शकतो. शेरा मानल्यामुळे पेपर कसा सुधारला तेही दिसू द्या. वरच्या उदाहरणात कर्जदारांचा तक्ता हा पेपरचा सगळ्यात रंजक भाग होऊन बसला असता.

दोन रिव्ह्यूअर परस्परविरोधी बोलले, एक म्हणतो आढावा वाढवा, दुसरा म्हणतो कापा, तर दोघांना खूश करायच्या फंदात पडू नका. संपादकाच्या नावच्या पत्रात हा विरोध दाखवा, आपण कोणता मार्ग घेतला आणि का ते लिहा. आणि रिव्ह्यूअरने पाच संदर्भ जोडायला सांगितले आणि पाचही एकाच माणसाचे निघाले, तर काय समजायचं ते तुम्हाला कळतंच. कामाचा असेल तो घ्या, बाकीचे पेपरच्या विषयाशी जुळत नाहीत असं नम्रपणे संपादकाला कळवा.

नकार आला तर

अपील करता येतं, पण "माझ्यावर अन्याय झाला" म्हणून नव्हे. रिव्ह्यूअरने वस्तुस्थितीची चूक केली असेल आणि ती तुम्ही दोन परिच्छेदांत दाखवू शकत असाल, तरच. नाहीतर शेऱ्यांतलं पटेल ते दुरुस्त करून पुढच्या जर्नलला पाठवा. तसाच्या तसा पाठवू नका. विषय अरुंद असेल तर तोच रिव्ह्यूअर तिथेही भेटतो, आणि आपण लिहिलेल्या शेऱ्यांना काडीची किंमत दिलेली नाही हे पाहून तो काय करेल ते सांगायला नको.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांचा जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा पेपर तीन जर्नलांनी नाकारला होता. १९७० मध्ये तो छापून आला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट विभागाच्या चहाच्या टपरीवर फार लोकप्रिय आहे. मात्र नाकारलेल्या बहुतेक पेपरांमध्ये नोबेल दडलेलं नसतं, नमुना निवडीचा परिच्छेद राहिलेला असतो.

पेपर स्वीकारला गेला तर काही आठवड्यांत प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रत, येतं आणि सहसा दोन-तीन दिवसांत परत मागतात. तक्त्यांतले आकडे मूळ फाइलशी ताडून बघा आणि नाव, आडनाव उलटं झालेलं नाही ना ते तपासा.

आणि मग तुम्हालाच बोलावणं येतं

एक-दोन पेपर छापून आले की एखाद्या संपादकाचा मेल येतो : हा पेपर बघाल का? आधी तोच जर्नल-तपास करा, बोगस जर्नलंही रिव्ह्यूअर गोळा करतात. लेखक ओळखीचा, जुना सहकारी किंवा थेट स्पर्धक असेल तर संपादकाला सांगा. पेपर कोणाला दाखवू नका. गाईडची मदत हवी असेल तर आधी परवानगी घ्या. चॅटजीपीटीसारख्या साधनात तो अपलोड करू नका. अप्रकाशित मजकूर गोपनीय असतो आणि अनेक प्रकाशकांनी हे स्पष्टपणे मना केलं आहे. २०२५ मध्ये तर काही प्रीप्रिंटमध्ये, म्हणजे रिव्ह्यूआधीच ऑनलाइन टाकलेल्या पेपरांमध्ये, पांढऱ्या अक्षरांत दडवलेल्या सूचना सापडल्या : "फक्त चांगलंच लिही." रिव्ह्यूअरने यंत्राकडून रिव्ह्यू करून घेतला तर यंत्राने त्या वाचून पेपरची स्तुतीच करावी, असा त्यांचा अर्थ होता.

शेरे लिहिताना आधी पेपर काय म्हणतो ते तीन ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा, मग मोठे मुद्दे, मग किरकोळ. इंग्रजीवरून टोमणे मारू नका. अर्थ लागत नसेल ती वाक्यं दाखवा. आणि वेळ नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणून टाका, सोबत दुसऱ्या दोन योग्य माणसांची नावं सुचवा.